ढगात कोण बोललं

आमच्या वर्गात एक फिरती खुर्ची होती. दिसायला ऑफिसातल्या खुर्चीसारखीच, फक्त तिचं बेअरिंग फार चांगलं होतं, जराही आवाज न करता फिरायची. नव्या विद्यार्थ्याला मी त्या खुर्चीत बसवायचे, डोळ्यांवर पट्टी बांधायचे आणि खुर्ची हळूहळू उजवीकडे फिरवायला लागायचे. आपण कुठल्या बाजूला फिरतोय ते त्यानं अंगठ्यानं दाखवायचं, एवढंच काम. सुरुवातीला अंगठा बरोबर उजवीकडे असायचा. वेग तसाच ठेवला की थोड्या वेळानं अंगठा सरळ वर यायचा, म्हणजे त्याच्या मते खुर्ची थांबली. ती थांबलेली नसायची. मग मी ती खरोखर थांबवायचे आणि अंगठा झपकन डावीकडे जायचा. माणूस थांबलेल्या खुर्चीत बसून शपथेवर सांगायचा, मी डावीकडे फिरतोय. पट्टी काढली की बहुतेक जण हसायचे. काही जण हसायचे नाहीत, खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहायचे. मला ते दुसरे आवडायचे. त्यांना धडा कळलेला असायचा.

मी तेवीस वर्षं लोकांना विमान चालवायला शिकवलं. संस्था नाशिकच्या बाहेर आहे, अजून चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. इंदिरानगरातल्या माझ्या घरापासून सुरुवातीची वर्षं स्कूटरवर नि नंतर गाडीनं मी रोज तिथे जात असे. शेजाऱ्यांना बरीच वर्षं वाटायचं, मी कुठल्या तरी शाळेवर आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आमचा धंदा बाहेरच्यांना थोडक्यात सांगते. खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला की माणूस विमान एकट्यानं उडवू शकतो, पण जमीन आणि क्षितिज दिसत असेल तरच. ढगात शिरायची त्याला मनाई असते. ढगात शिरायचं तर पुढचं शिक्षण घ्यावं लागतं, त्याला आम्ही इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतो. त्यात बाहेर बघणं बंद. डोक्यावर लांब झापडाची टोपी घालायची, म्हणजे काचेबाहेरचं काही दिसत नाही, फक्त समोरच्या तबकड्या दिसतात. एका तबकडीत कृत्रिम क्षितिज असतं, वर निळं आणि खाली तपकिरी. एक उंचीची, एक वेगाची, एक दिशेची, आणि एक वळणाचा काटा. हे सगळं डोळ्यांनी आळीपाळीनं वाचत राहायचं आणि हातानं तसं वागायचं. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी, की त्या वेळी आपला कान, पोट, पाठ, मांड्या सगळे मिळून आपल्याला काही तरी वेगळंच सांगत असतात, आणि अगदी खात्रीनं सांगत असतात.

नाशिकरोडचा एक तरुण होता, बोटीवर नोकरी करून आलेला, हुशार. झापडाची टोपी घालून चार हजार फुटांवर आम्ही सरळ उडत होतो. तो छान चालवत होता. बराच वेळ गेल्यावर तो अगदी शांतपणे मला म्हणाला, "मॅडम, आपण थांबलोय." मी म्हटलं, कुठे? तो म्हणाला, इथेच, हवेत. इंजिनाचा आवाज येतोय पण आपण पुढे जात नाही. मी त्याला वेगाची तबकडी बघायला सांगितलं. त्यानं बघितली, आकडा वाचला, आणि पुन्हा तेच म्हणाला. मग त्यानं टोपी काढली. खाली गंगापूर धरणाचं पाणी सरकत होतं. ते तो खूप वेळ बघत राहिला. उतरल्यावर आभार मानून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. अजून कधी कधी मला वाटतं, त्याच्याशी मी जरा जास्त बोलायला हवं होतं.

दुसऱ्या एकानं कृत्रिम क्षितिजाच्या काचेवर देवीचा छोटा फोटो चिकटवला होता, नेमका मधोमध. मी तो काढून वरच्या कडेला लावला आणि म्हटलं, तिथून देवीला सगळ्याच तबकड्या दिसतील. असे गमतीचे लोक पुष्कळ आले. पण मला लिहायचंय ते भास्करनाना आहेर यांच्याबद्दल.

नाना कळवणचे. डाळिंबाचं पॅकिंग आणि कोल्ड स्टोरेज असा त्यांचा व्यवसाय. वय तेव्हा अठ्ठेचाळीस. लहानपणी शेतावरून जाणारी विमानं बघून डोक्यात जे शिरलं, ते हातात चार पैसे आल्यावर त्यांनी पुरं केलं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी खासगी परवाना काढला. माझ्याकडे ते आले तेव्हा परवान्याला तीन वर्षं झाली होती. मी सगळ्यांना पहिला प्रश्न विचारते तोच त्यांनाही विचारला, ढगात उडायचं शिकून काय करायचंय?

नाना आधी म्हणाले, पुढची पायरी म्हणून. मग त्यांनी खरं सांगितलं. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी ते पत्नीला, सुनंदाताईंना, शेजारी बसवून एक फेरी मारायला निघाले होते. चांदवडच्या डोंगरांपाशी ढग खाली आले होते. ते चुकवायला म्हणून वळले, आणि वळता वळता आत शिरले. किती वेळ आत होते ते त्यांना सांगता येईना. दोन मिनिटं असतील, पाच असतील. बाहेर आले तेव्हा विमान तिरकं खाली जात होतं आणि उजव्या काचेत डोंगराचा कडा होता. इतका जवळ, की कड्यावरचं गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं दिसलं. विमान उतरवल्यावर सुनंदाताईंनी एकच विचारलं, आपण उलटे झालो होतो का? आणि नानांनी सांगितलं, छे, जरा हवा खराब होती.

"त्यांना खरं माहीत नाही?" मी विचारलं.

"नाय."

मी म्हटलं, आधी घरी खरं सांगा, मग या. माझी ती पद्धत होती. ज्याला खाली जमिनीवर खरं सांगता येत नाही, त्याला वर काट्यांचं खरं पटवायला फार वेळ लागतो, असा माझा अनुभव होता. निदान तसं मी तेव्हा मानत होते. आठवड्यानं नाना परत आले. सांगितलं, म्हणाले. मी विचारलं, काय म्हणाल्या? म्हणाल्या, मला माहिती होतं. आणि असंही म्हणाल्या, की एक तर नीट शिका, नाही तर सोडा.

नाना हळू शिकणारे होते. तरुण पोरं दहा तासांत जे शिकतात त्याला त्यांना पंचवीस लागले. पण एकदा शिकलेलं सुटायचं नाही. वर्गातल्या खुर्चीतून उठल्यावर ते हसले नव्हते. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना नाना आणि अहोजाहो करत असे. माझ्याशी ते नाशिकच्या बाजूचं खेड्यातलं मराठी बोलत. घरी फोनवर मात्र अहिराणी, तीही भरभर, मला अर्धी कळायची नाही.

एक गोष्ट मी त्यांना पुन्हा पुन्हा शिकवली, कारण पुढे तिचाच संबंध आला. आमच्या जुन्या विमानात कृत्रिम क्षितिज हवेच्या पंपावर चालायचं, आणि वळणाचा काटा बॅटरीवर. मुद्दामच तसं केलेलं असतं. पंप बिघडला तर क्षितिज हळूहळू तिरकं होऊन खोटं सांगू लागतं, पण काटा खरं सांगत राहतो. म्हणून एकावर संशय आला की दुसऱ्याला विचारायचं. दोघांचं म्हणणं जुळलं, तर खोटं बोलणारा तिसरा कोणी तरी आहे, आणि तो तिसरा म्हणजे आपण.

श्रावण होता. दोन दिवस नाशिकवर सपाट, करडा ढग अंथरल्यासारखा पसरला होता. वीज नाही, वादळ नाही, नुसता ओला कापूस. झापडाच्या टोपीत साठेक तास झालेल्या विद्यार्थ्याला खरा ढग दाखवायला याहून चांगला दिवस मिळत नाही. रीतसर परवानगी घेऊन आम्ही सकाळी साडेदहाला निघालो. नाना डावीकडे, मी उजवीकडे. टोपीची गरज नव्हती.

खऱ्या ढगात पहिल्यांदा शिरणाऱ्याला मी काही सांगत नसे, फक्त बघत असे. काच आधी पांढुरकी होते, मग पंखाची टोकं जातात. मग पंखही जातात. इंजिनाचा आवाज तोच असतो, पण तो दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. प्रकाश कुठून येतोय कळत नाही, वरून, खालून, सगळीकडून सारखाच. सावली कशालाच नसते. हातालासुद्धा नसते. इतकी वर्षं मी त्यात शिरत होते, तरी दर वेळी क्षणभर वाटायचं, की आपल्याला कोणी तरी अलगद कुठून तरी काढून घेतलंय.

नाना व्यवस्थित होते. सात हजार फुटांवर आम्ही पोचलो. टॉवरनं डावीकडे वळून पश्चिमेची दिशा धरायला सांगितलं. नानांनी विमान हलकेच डावीकडे झुकवलं. त्याच वेळी माझ्या मांडीवरचा नकाशाचा कागद घसरून पायाशी पडला. तो उचलायला मी वाकले आणि डोकं वर केलं.

वळणात असताना डोकं खालीवर करायचं नाही, हे मी पहिल्या दिवशी शिकवते. कानातलं पाणी अशा वेळी दोन दिशांना एकदम ढवळलं जातं. मला सगळं माहीत होतं. पण डोकं वर आलं आणि आख्खं विमान उजवीकडे कलंडायला लागलं. चक्कर आल्यासारखं अजिबात नव्हतं ते. खुर्चीवरून पडताना जितकी खात्री असते, तितकी खात्री होती. माझा उजवा खांदा दाराकडे ओढला जात होता. समोर क्षितिज मात्र डावीकडे जरासं झुकलेलं दिसत होतं आणि हळूहळू सरळ होत होतं. मला वाटलं, क्षितिज गेलं. पंप बिघडला. पूर्वी एकदा माझ्यासमोर तसं झालं होतं, म्हणून तो विचार लगेच आला, आणि तो इतका नीटनेटका होता की मी त्याला एकदाही तपासलं नाही.

"माझ्याकडे द्या," मी म्हटलं.

आमच्यात याचा अर्थ ठरलेला असतो. इन्स्ट्रक्टरनं असं म्हटलं की विद्यार्थ्यानं हात सोडायचे, प्रश्न विचारायचा नाही. नानांनी सोडले. मी विमान डावीकडे घातलं, ते कलंडणं थांबवायला. आणि खरंच बरं वाटायला लागलं. जसजसं मी डावीकडे दाबत गेले, तसतसं माझं शरीर सरळ होत गेलं. खांद्यावरची ओढ गेली. मला आठवतं, एक प्रकारचा निवांतपणा आला, दुपारी अंगणात बसल्यासारखा. बाहेर वाऱ्याचा आवाज चढत होता. तो मी ऐकत होते आणि मला तो छान वाटत होता. आज लिहितानाही मला त्या आवाजाची भीती वाटत नाही. त्याच्या छान वाटण्याची वाटते.

"मॅडम," नाना म्हणाले, "वळणाचा काटा डावीकडे पडलाय."

मी म्हटलं, क्षितिज बिघडलंय, त्याच्याकडे बघू नका.

"क्षितिज नाय म्हणत मी. काटा. तो बॅटरीवरचा हाय. दोन्ही एकदम बिघडत नाय, तुम्हीच शिकवलं."

मी काट्याकडे बघितलं. तो खरंच डाव्या कडेला पडला होता. उंचीच्या तबकडीचे काटे फिरत होते, सहा हजार पाचशे, सहा हजार दोनशे, अजून खाली. मी ते आकडे वाचले. वाचून मला काहीही झालं नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी विमानाचे असल्यासारखे ते होते. आमच्या खाली कुठे तरी धोडपचा डोंगर होता. तेही मला माहीत होतं. तरी माझे हात डावीकडेच दाबत होते.

मग नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. विद्यार्थी असं कधी करत नाही. त्यांचा हात गार होता आणि थरथरत नव्हता. "सोडा मॅडम," ते म्हणाले.

मी सोडलं. पटलं म्हणून नाही. तो हात माझ्या हातापेक्षा जास्त खरा वाटला, एवढंच कारण मला सापडतं. नानांनी इंजिन कमी केलं, पंख सरळ केले आणि मग हळूच नाक वर घेतलं, अगदी ज्या क्रमानं मी शिकवलं होतं त्या क्रमानं. आणि त्यांनी पंख सरळ केले त्या क्षणी मी पूर्ण उलटी झाले. माझ्या शरीराच्या मते आम्ही डोकं खाली करून उडत होतो. मी दाराचं हँडल धरलं आणि डोळे मिटले. शेजारून नाना घरच्या भाषेत, बहुधा स्वतःलाच, म्हणाले, "सरळ शे. विमान सरळ शे."

पुढची बावीस मिनिटं विमान नानांनी चालवलं. टॉवर बोलत होता, नाना उत्तर देत होते. धावपट्टीकडे आणणारे दोन काटे त्यांनी धरले आणि त्यांच्यावरून उतरायला लागले. मी एकदाच डोळे उघडले. समोरची तबकड्यांची सगळी पाटी तिरकी लटकलेली दिसली आणि मी पुन्हा मिटून घेतले. चाकं टेकली तेव्हा कळलं, की जमीन आहे. माझे दात खालच्या ओठात रुतले होते. तोंडाला रुमाल लावला तर त्याला रक्त लागलं.

नानांनी विमान जागेवर आणून उभं केलं, सगळी बटणं क्रमानं बंद केली. कानांवरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

"तुम्ही बोलत राहिला म्हणून जमलं मॅडम," ते म्हणाले. "नायतर माझं काय खरं नव्हतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. मी रुमाल तोंडावरून काढला नाही.

त्या दिवशीच्या नोंदवहीत मी लिहिलं, ढगातील उड्डाण, प्रगती समाधानकारक. खाली सही केली. लोकांना आधी घरी खरं सांगून या म्हणणारी मी.

आठ दिवस मी तसेच काढले. माझ्या चुकीचं मला कळत होतं, ती कोणाच्याही कानांकडून होऊ शकते. लाज वाटत होती, पण झोप उडाली ती त्यामुळे नाही. नानांना परीक्षेला बसवायची शिफारस माझ्या सहीनं जाणार होती. ज्या माणसानं माझा जीव वाचवला, तो ढगात न बोललेलं ऐकत होता. सही करावी तर तो उद्या एकटा ढगात जाणार. करू नये तर कारण काय लिहू? कारण लिहायचं तर माझं स्वतःचं आधी लिहायला लागणार. दोन्हींपैकी कशाची भीती मला जास्त वाटत होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

नवव्या दिवशी मी दिंडोरी–वणीच्या रस्त्यानं कळवणला गेले. नाना पॅकिंगच्या शेडमध्ये होते. बायका डाळिंबं निवडून खोक्यांत भरत होत्या. नानांनी मला मागच्या ऑफिसात नेलं, घरी निरोप धाडला, आणि सुनंदाताई स्वतः चहा घेऊन आल्या. त्यांना थांबायला सांगितलं मी. मग सगळं सांगितलं. कागद पडला तिथपासून. विमान मी चुकीचं घातलं, नानांचं बरोबर होतं, वहीत मी खोटं लिहिलं, आणि परतीच्या वाटेवर मी एक शब्दही बोलले नव्हते.

नाना म्हणाले, असं कसं, मी ऐकलं ना.

मी विचारलं, काय ऐकलं ते नेमकं सांगा.

त्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं. "काटा बघ. दिशा बघ. उंची बघ. परत काटा बघ. घाई करू नको." मग डोळे उघडून जरा संकोचून म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं होतं मॅडम. मला बरं वाटलं. म्हटलं, मॅडमनी आपलं मानलं."

आवाज माझाच होता का?

"तुमचाच. हेडफोनमधून. श्वासासकट."

मी त्यांना खालचा ओठ दाखवला. खपली अजून होती. नाना तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बाहेर बायकांच्या गप्पा चालू होत्या, खोक्यांना पट्ट्या मारायचा आवाज येत होता. सुनंदाताईंनी कप खाली ठेवला.

"मग यांच्या कानात कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

मी इन्स्ट्रक्टरचं उत्तर दिलं. जिवावर बेतलं की डोकं असं करतं, साठ तास ऐकलेला आवाज ते पुन्हा वाजवू शकतं, एकट्या अडकलेल्या माणसांना असे अनुभव येतात. हे सगळं खरं आहे. सुनंदाताईंनी ते मान हलवून ऐकून घेतलं. पण मी त्या माणसाला कधी, एकदाही, तू म्हटलं नव्हतं. हे मी त्या खोलीत बोलून दाखवलं नाही. तिघांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या प्रमुखांकडे जाऊन नोंद दुरुस्त केली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, इतकं लिहायची गरज आहे का? मी म्हटलं, आहे. माझ्या कानांची तपासणी झाली, वयाला साजेसे आहेत म्हणाले. तरीही विद्यार्थ्याबरोबर विमानात बसणं मी तेव्हापासून बंद केलं. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. वर्गात आणि जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये पुढे पाच वर्षं शिकवत राहिले. त्या दिवशी मी पुन्हा लगेच वर जायला हवं होतं, असं कधी कधी वाटतं. पण तो निवांतपणा पुन्हा आला असता तर मी तो ओळखला असता का?

नानांनीही काही लपवलं नाही. वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी आवाजाबद्दल शब्दन् शब्द सांगितलं. डॉक्टरांनी कान तपासले, मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, दोन महिने उड्डाण बंद ठेवलं, आणि काही दोष नाही म्हणून पुन्हा परवानगी दिली. उरलेले तास त्यांनी दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर केले. परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाले. पेढे घेऊन इंदिरानगरला आले तेव्हा सुनंदाताई बरोबर होत्या. आम्ही डाळिंबाच्या भावाबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो. ढगाबद्दल कोणी बोललं नाही.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी नानांचा फोन आला. ते एकटे जळगावला विमान घेऊन गेले होते आणि नुकतेच उतरले होते. रेटिंग मिळाल्यानंतर इतका दाट ढग त्यांना पहिल्यांदाच लागला होता. वीस-पंचवीस मिनिटं काही दिसलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, मग? छान झालं की.

"मॅडम, आवाज आला."

मी बसले होते ती उठून उभी राहिले. विचारलं, माझाच?

"तुमचाच. तसाच, अरेतुरे करून. मला म्हणाला, डावीकडे घे. दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा जरा रागावून."

"आणि तुम्ही?"

"काटे बघितले. सगळे. डावीकडं घ्यायचं कोणीच म्हणत नव्हतं." त्यांच्या मागे कुठे तरी पावसाचा पत्र्यावर आवाज येत होता. "लय वाईट वाटलं मॅडम, तुमचं ऐकलं नाय म्हणून. पण नाय ऐकलं."